भाताचे बी आणि कापणीचा दिवस



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांच्या मनात बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार असा एखादा विषय असावा. तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून आम्ही त्याच गोष्टी बोलत आलो. तेव्हा त्यांची काही चूक नव्हती. आम्ही विषय कळवला तो 'भाताचे बी'. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा फोन आला, की विषय लिहिण्यात काही गफलत तर झाली नाही ना! गफलत नव्हती. आम्ही शेतकीचे पदवीधर नाही. आमची शाळा नववीला सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले, ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटावर आणि जिल्ह्याच्या वाचनालयावर. परंतु ह्या विषयाशी आमची गाठ दोनदा पडली, एकदा लहानपणी घरात आणि एकदा मोठेपणी एका तंट्यात. आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता. भात कापायचा दिवस ठरवतो कोण?

सध्या वैशाख आहे. कोकणात घरोघर कणगीत, पत्र्याच्या पिपात नाहीतर प्लॅस्टिकच्या गोणीत बियाण्याचे भात पडून आहे. रोहिणी लागल्या की काहीजण धूळवाफेवर पेरतील, बाकीचे मृगाची वाट पाहतील. पेरल्यावर आठ-दहा दिवसांत कळेल, की बी जिवंत होते की मेलेले. मेलेले निघाले तर शेतकरी पावसाला बोल लावील, दुकानदाराला लावील, नशिबाला लावील. पण पुष्कळदा त्या बियाचा निकाल गेल्या आश्विनात, विळा लागला त्याच दिवशी, लागून गेलेला असतो. आपल्याला तो ज्येष्ठात वाचायला मिळतो, इतकेच.

आधी घरची गोष्ट सांगतो. आमचे वडील मुंबईला गिरणीत होते आणि आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी. त्या काळच्या हजारो कोकणी घरांसारखेच हे घर: पैसा मनिऑर्डरने यायचा, तांदूळ घरच्या मळ्यातून. वडील गणपतीला जमले तर येत, कापणीला मात्र येतच. कापणीच्या दिवसांत कामगार गावी पळतात ही गिरणीवाल्यांची तक्रार फार जुनी. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की रजा पाळीपाळीने द्यायची. रजेचा दिवस खात्यातल्या साच्यांवर ठरायचा. शेतात भात काय म्हणते आहे ते विचारण्याची पद्धत अर्थातच नव्हती.

१९८१ साली वडिलांना रजा मिळाली ती दसऱ्याच्या सुमारास. आमच्याकडे भात दोन जातींचे. वरच्या तुकड्यावर हळवे, खालच्या पाणथळ मळ्यात गरवे. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगायचे तर हळवे सुमारे साडेतीन महिन्यांत तयार होते, गरव्याला साडेचार महिने आणि त्याहूनही अधिक लागतात. हळवे कापणीला आले होते. गरव्याच्या लोंब्या शेंड्याला पिवळ्या, पण बुडाला हिरव्या होत्या. आई म्हणाली, "खालच्या मळ्याला अजून पंधरा दिवस हवेत." वडील म्हणाले, "मग पंधरा दिवसांनी कापायला कोण येणार, गिरणीचा भोंगा?" दोन्ही भाते एकाच आठवड्यात कापून झोडली. त्यातलेच बी ठेवले. खाण्याच्या तांदळात कणी थोडी जास्त पडली. एवढे कोण मनावर घेतो?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यामुळे जून महिन्यात वडील घरी होते, आणि आपण ऑक्टोबरात काय करून ठेवले ते त्यांना डोळ्यांनी पाहावे लागले. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या डोक्यावर केस असावेत तशी आमची दाढ विरळ उगवली. पुन्हा बी आणायला पैसा नव्हता, कारण पगार बंद. आई भावकीत फिरून उरलेल्या रोपाच्या जुड्या मागून आणी आणि आम्ही मुलगे त्या डोक्यावरून वाहत असू. त्या पावसाळ्यात वडील फार बोलत नसत.

आता त्या बियाला झाले काय होते, ते पाहू. आज रात्री घरी गेल्यावर तांदळाचा एक दाणा हातावर घ्या. एका टोकाला, कोपऱ्यात, चिमटा काढल्यासारखी खाच दिसेल. तिथे अंकुर होता. तांदूळ सडताना तो कोंड्याबरोबर निघून जातो. आपण जे शिजवून खातो, ती त्या अंकुराची शिदोरी आहे. खाण्याच्या दाण्याने न तुटता शिजावे, एवढीच आपली अपेक्षा. बियाच्या दाण्याने मात्र कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत सात-आठ महिने जिवंत राहायचे असते, आणि जिवंत म्हणजे अगदी मंदपणे का होईना, पण श्वास घेत. शिदोरी अपुरी असेल, किंवा शिदोरी पुरी असून प्रवासाची तयारी अपुरी असेल, तर तो वाटेतच मरतो. बाहेरून तूस तसेच सोनेरी दिसते.

भात पोटरीत येते आणि मग निसवते, म्हणजे लोंबी बाहेर पडते. फूल सकाळी उशिरा उमलते आणि तास-दीड तासात मिटते. सगळी फुले एका दिवशी उमलत नाहीत. लोंबीच्या शेंड्याकडची आधी आणि बुडाकडची शेवटी. एका लोंबीलाच आठवडाभर लागतो. त्यात प्रत्येक चुडाला फुटवे असतात, आणि मुख्य ताटाची लोंबी आधी येते, उशिराच्या फुटव्यांची मागाहून. म्हणजे एकाच चुडात दहा-बारा दिवसांच्या अंतराने जन्मलेले दाणे शेजारी शेजारी लोंबत असतात. साऱ्यांना लागू पडेल असा बिनचूक दिवस निसर्गाने ठेवलेलाच नाही. कापणीचा दिवस ही तडजोड आहे. आणि तडजोड म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला थोडेफार कळते.

दाण्यात प्रथम दूध भरते, मग त्याचा पिठूळ गोळा होतो, मग तो घट्ट होतो. आपल्याकडच्या उबदार हवेत फुलोऱ्यापासून साधारण चार आठवड्यांत दाण्याचे वजन पुरे होते. त्या वेळीही त्यात शेकडा २५ ते ३० भाग पाणी असते. झाडाकडून येणारा पुरवठा तिथे थांबतो. पुष्कळ दिवस शास्त्रज्ञांचीही समजूत अशी होती, की वजन पुरे झाले म्हणजे बी पुरे झाले. त्यानंतर ते फक्त वाळते आणि हळूहळू बिघडत जाते. १९९३ साली इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठाचे एलिस व हाँग आणि फिलिपीन्समधील इरी ह्या आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेचे जॅक्सन ह्यांनी भाताच्या तीन वाणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन पुरे झाल्यावरही आणखी कित्येक दिवस बियाची टिकण्याची शक्ती वाढत राहते, असे त्यातून दिसले. लोणचे बरणीत भरले त्याच दिवशी लोणचे होत नाही, ते मुरावे लागते; तसेच हे. दाणा भरला तरी मुरायचा असतो. पाणी उतरत असताना अंकुराच्या पेशी कोरड्या अवस्थेत जगण्याची तयारी करीत असतात. ही तयारी अर्धवट सोडवलेले बी नोव्हेंबरात पेरून पाहिले तर उगवेलही. जूनमध्ये ते उगवत नाही. आमच्या गरव्याचे झाले ते हेच.

मग वाट पाहिली तेवढी बरी, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. उशीर झाला की दाणा गळतो, पाखरे आणि उंदीर आपला वाटा घेतात, ही नुकसानी डोळ्यांना दिसते. न दिसणारी वेगळीच आहे. शेतात उभा असलेला पक्का दाणा दुपारच्या उन्हात कोरडा होतो आणि पहाटे दव पिऊन पुन्हा ओला होतो. बाहेरचा भाग फुगतो, आतला कोरडाच राहतो आणि दाण्याला आतल्या आत बारीक तडा जातो. गिरणीत त्याची कणी होते. बियात त्या फटींतून बुरशीला वाट मिळते. आणि पावसाने गाठले तर लोंबीवरच कोंब फुटतो. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस अरबी समुद्रातले क्यार चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर चढले नाही, ते पश्चिमेकडे वळले; पण त्याच्या पावसाने कोकणात कापणीला आलेले आणि कापून वाफ्यात आडवे टाकलेले भात भिजत पडले, आणि पुष्कळ ठिकाणी लोंब्यांना हिरवे कोंब आले. त्यातल्या कित्येक घरांचे पुढच्या वर्षाचे बीही त्या वाफ्यात होते.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. पुष्कळ वाणांच्या ताज्या दाण्याला काही आठवडे झोप असते. ओल मिळाली तरी तो उगवत नाही. ही झोप म्हणजे अवेळी पडणाऱ्या पावसाविरुद्धचा विमाच. ती एखाद्या वाणात गाढ असते, एखाद्यात नावापुरती. म्हणून झोडणी झाल्याबरोबर बी भिजवून पाहणारा शेतकरी फसतो. उगवले नाही म्हणून चांगले बी तो कोंबड्यांना घालतो आणि कच्चे पण झोप नसलेले बी चांगले समजून ठेवतो. चाचणी घ्यायची ती पेरणीपूर्वी महिनाभर. ती कशी, ते पुढे सांगतो.

आता दिवस ओळखायचा कसा? खाण्याच्या भातासाठी ठोकताळा असा, की लोंबीतले शेकडा ८० ते ८५ दाणे पिवळे पडले आणि दाण्यातली ओल शेकडा २० ते २५ वर आली, म्हणजे कापावे. बियाण्याच्या तुकड्यासाठी थोडे अधिक थांबून लोंबीच्या बुडाचे दाणेही घट्ट होऊ द्यावेत. पण दव आणि ऊन ह्यांच्या तावडीत आठवडेच्या आठवडे ठेवू नये. आठ-दहा दिवस आधी पाणी काढून टाकावे, म्हणजे शेत एकसारखे पिकते. आमच्या आईजवळ ओल मोजायचे यंत्र नव्हते. ती बुडाचा दाणा दाताखाली धरी. दबला तर नाही. 'कट्' असा आवाज आला तर विळा. हे शास्त्र छापील नाही, पण ती बुडाचाच दाणा घेई, शेंड्याचा घेत नसे, ह्याचे मर्म आम्हांला फुलोऱ्याबद्दल वाचल्यावर वयाच्या चाळिशीत कळले.

कापल्यावर वाळवणे आलेच. १९६६ च्या बियाणे कायद्याखालच्या प्रमाणांत भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवण शेकडा ८० च्या खाली आणि साध्या पोत्यातल्या बियाची ओल शेकडा १३ च्या वर असता कामा नये. सरकारी खरेदीत खाण्याच्या भाताला १७ पर्यंत ओल चालते. ह्या चार टक्क्यांत मोठी गोम आहे. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की साधारण १४ पासून खाली ओल एक टक्का उतरली की बियाचे आयुष्य दुप्पट होते. उलट ओले दाणे ढिगात किंवा पोत्यात कोंडले, की ते श्वास जोराने घेतात, श्वासाने ऊब आणि ओल वाढते, त्या उबेने श्वास आणखी वाढतो आणि दोन रात्रींत अंकुर शिजून जातो.

वाळवण्याबद्दल एक नवी गोष्ट वाचण्यात आली, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. इरीच्या बीजकोशात भाताचे सव्वा लाखाहून अधिक नमुने आहेत. असे बी थंड खोलीत सावकाश वाळवावे, ही तिथली रूढ पद्धत. २०१५ साली तिथल्याच कामातून प्रसिद्ध झाले, की बी ओले कापलेले असेल तर दिवसाचे काही तास ४५ अंशांच्या गरम हवेत वाळवल्याने ते थंड खोलीतल्या बियापेक्षा जास्त टिकते. ज्याचे मुरणे झाडावर पुरे झाले नव्हते, त्याला ते कापल्यानंतर पुरे करण्याची संधी मिळते. आता आमच्या आजीची रीत आठवा: शेणाने सारवलेल्या खळ्यावर दिवसा पसरायचे, मधूनमधून पायांनी चाळवायचे, तिन्हीसांजेला गोळा करून पडवीत झाकायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिला बीजकोश ठाऊक नव्हता. मात्र हे वाचून कोणी डांबरी रस्त्यावर किंवा तापल्या पत्र्यावर बी टाकू नये. तिथली उष्णता ४५ अंशांवर थांबत नाही.

१९८२ च्या कापणीला वडील संपामुळे घरीच होते. गिरणीच्या नोकरीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कापणीची तारीख कोणी दिलेली नव्हती. हळवे कापून झाले आणि विळ्याला धार लावून ते खालच्या मळ्याच्या बांधावर जाऊन बसले. आई रोज सकाळी बुडाचा दाणा दाताखाली धरी आणि मान हलवी. असे किती दिवस गेले ते आम्ही मोजले नाहीत. पण रोज तिथे बसणारा, हात रिकामे असलेला तो माणूस आम्हांला आजही दिसतो. एके दिवशी आई "आता घ्या" म्हणाली. मळ्याच्या मध्यावरचा एक तुकडा तिने बियासाठी आधीच हेरून ठेवला होता, कडेच्या ओळी सोडून; कारण कडेला शेजारच्या वाणाचे मिसळण असते. तो तुकडा वेगळा कापला, वेगळा झोडला. त्या संपाने आमच्या घराचे काय केले, ती वेगळी हकीगत आहे आणि ती सुखाची नाही. पण १९८३ ची आमची दाढ सतरंजीसारखी दाट होती.

आता दुसरी गाठ. पुढे कामाच्या निमित्ताने आम्ही पूर्व विदर्भात गेलो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर हा भाताचा मुलूख. ह्याच मुलखात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे ह्या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली पटेल ३ ह्या वाणाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, पिकल्यावर त्या जपून ठेवल्या आणि वर्षानुवर्षे निवडून नवा वाण उभा केला. त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव पडले, एचएमटी. दादाजी २०१८ साली वारले. घड्याळाच्या नावाच्या त्या भाताची कापणी आज पुष्कळ ठिकाणी भाड्याच्या काढणीयंत्राच्या वेळापत्रकावर होते, ह्यात कोणाला गंमत वाटली तर वाटो.

तिथे एका बीजप्रक्रिया केंद्रात हमालांची आणि वाळवणीच्या आवारात काम करणाऱ्या बायांची आमची संघटना होती. एका हंगामात बियाण्याचे काही ढीग उगवणीत नापास झाले. व्यवस्थापनाने ठरवले, की बायांनी नीट वाळवले नाही, आणि त्यांची काही दिवसांची मजुरी रोखली. आम्ही ह्यांतले कुठले जाणकार? पण मजुरी रोखली म्हणजे जाणकार होणे आम्हांला भाग पडले. त्या महिन्यात आम्ही रात्री बियाणांवरची पुस्तके वाचली आणि दिवसा फाटकावर उभे राहिलो.

पहिली गोष्ट सांगितली ती एका वयस्क हमालाने. तो म्हणाला, "भाऊ, त्या ट्रकांतली पोती पाठीला गरम लागत होती." वीस वर्षे पोती वाहिलेल्या माणसाची पाठ म्हणजे उष्णतामापकच. ट्रक आले तेव्हा सणाची सुट्टी होती, गोदाम बंद. पोती दोन रात्री ताडपत्रीखाली ट्रकातच राहिली. आम्ही आवक नोंदवही मागितली. फाटकावरच्या वहीत ट्रकाचा नंबर, पोत्यांची संख्या, वजन आणि आल्याची तारीख होती. कापणीची तारीख नव्हती. कुठल्या शेताचे ढीग कधी कापले, हे वहीला ठाऊकच नव्हते.

मग आम्ही गावांत गेलो. बीजोत्पादक शेतकरी म्हणजे काही मोठे जमीनदार नव्हेत, तीन-चार एकरवाले लोक. त्यांनी जे सांगितले त्यात नवे काहीच नव्हते. आमच्या वडिलांचीच कथा होती, फक्त गिरणीच्या जागी यंत्र. काढणीयंत्र गावात ज्या दिवशी येते, त्या दिवशी सगळ्यांचे कापायचे. तुमचा तुकडा हिरवा आहे म्हणून ते थांबत नाही, आणि गेले की पुन्हा महिनाभर दिसत नाही. शेजाऱ्याच्या शेतातले दाणे त्याच्या पोटात उरलेले असतात, ते तुमच्या बियात मिसळतात. मळणीचा रूळ खाण्याच्या भाताच्या वेगाने फिरतो. बियासाठी तो सावकाश फिरवायला हवा, पण चालक एकरावर पैसे घेतो, त्याला सावकाशी परवडत नाही. ज्यांनी मजूर लावून हाताने कापले, त्यांच्यापैकी काहींनी दिवाळीपूर्वी पैसा हवा म्हणून घाई केली. ओले भात वजनाला भरते, हाही हिशेब काहींच्या मनात होता. ते त्यांनी हसत हसत कबूल केले. आणि ज्यांनी नीट थांबून कापले, त्यांना भाव तोच मिळाला.

इथे आमच्या बाजूचीही एक अडचण आम्ही लपवत नाही. पिकलेले भात थांबत नाही, हे मजुराला माहीत असते. वर्षभर त्याला कोणी विचारीत नाही; त्या आठ दिवसांत मात्र त्याच्यावाचून अडते. म्हणून शेतमजुरांच्या मजुरीचे लढे कापणीच्या तोंडावर उभे राहतात, आणि म्हणूनच ते चिरडलेही त्याच वेळी जातात. तमिळनाडूत तंजावर भागातल्या कीळवेणमणी गावी २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मजुरीच्या तंट्यातून दलित शेतमजुरांची ४४ माणसे, बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत जाळून मारली गेली. भाताच्या कापणीच्या दिवसाची किंमत काय असते, ते त्या गावाला विचारावे. हे हत्यार मजुराने खाली ठेवावे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण तीन एकरांच्या बीजोत्पादकासमोर ते उगारताना आमचा हात अडखळतो, हेही खरे. तो मालक आहे खरा, परंतु त्याच्या दिवसाचा मालक दुसराच कोणीतरी असतो.

केंद्राशी बोलणी तीन बैठका चालली. पहिल्या बैठकीत साहेबांनी विचारले, "युनियन आता आम्हांला शेती शिकवणार काय?" आम्ही म्हणालो, शिकवत नाही, हमालाच्या पाठीला काय लागले तेवढे सांगतो. तिसऱ्या बैठकीत मजुरी परत मिळाली. सणासुदीलाही ओले बी उतरवून पसरायला पाळी ठेवायची आणि त्या पाळीची मजुरी दीडपट, हे ठरले. हमालाला पोते गरम लागले तर त्याने ते बाजूला ठेवायचे आणि ते उघडून पाहिल्याशिवाय थप्पीत लावायचे नाही, हेही ठरले. बियाण्यासाठी थांबून कापणाऱ्या शेतकऱ्याला क्विंटलमागे काही जास्त द्यावे, ही आमची मागणी मात्र मान्य झाली नाही. ती आमच्या कक्षेबाहेरची आहे, असे उत्तर मिळाले. ते कागदावर बरोबर असेल. पण ती मान्य होईपर्यंत चांगले बी शेतकऱ्याच्या भलेपणावर अवलंबून राहील, असे आम्ही त्या दिवशी म्हणालो आणि आजही म्हणतो.

मघाशी चाचणीचे सांगतो म्हणालो होतो. ज्यांचे गावी शेत आहे त्यांनी येत्या रविवारी करून पाहावी. बियाण्याच्या निरनिराळ्या भागांतून मूठ मूठ घ्या, एकत्र करा आणि न निवडता १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल सुकू देऊ नका. प्रयोगशाळेत पाचव्या दिवशी पहिली आणि चौदाव्या दिवशी शेवटची मोजणी करतात. ८० च्या वर चांगले कोंब आले तर निश्चिंत पेरा. ६० आले तर बी वाढवून पेरता येईल, पण रोप दुबळे निघेल. त्याहून कमी आले तर अजून दुसरे बी शोधायला वेळ आहे. पेरण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडावे. पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाकावेत आणि तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. मिठाच्या पाण्याची ही युक्ती जपानात योकोई ह्यांनी १८८२ साली काढली. हलके बी तिच्यामुळे निघून जाते. भरलेले पण न मुरलेले बी मात्र तळाशीच बसते. ते मिठाला ओळखता येत नाही.

त्या केंद्राच्या फाटकावरच्या वहीत आता एक रकाना वाढला आहे: 'कापणीची तारीख'. पहिल्या वर्षी तो बहुतेक रिकामाच राहिला. ट्रकचालक म्हणे, "मला काय ठाऊक, मी गाडी चालवतो." फाटकावरचा कारकून शेतकऱ्याला फोन लावी, ट्रक तेवढा वेळ उभा राही, मागे रांग लागे आणि चालक चिडत. गेल्या हंगामात आम्ही तिथे गेलो होतो. एक चालक माल भरायला निघाला होता. कारकुनाने हाक मारून काही सांगायच्या आतच तो खिडकीतून म्हणाला, "तारीख विचारून आणतो, नाहीतर तुम्ही मला रात्रभर इथेच बसवाल."